सारखे तुकडे

कबाबासाठी कोंबडीचे तुकडे सारखे कापावे लागतात. साधारण दीड इंचाचे, जाडीलाही तेवढेच. एकाच सळईवर लहान-मोठे तुकडे आले, तर लहान वाळून जातो आणि मोठा आतून कच्चा राहतो. विस्तवाला कुणाचं मन राखता येत नाही. तो सगळ्यांना एकच आच देतो. म्हणून ज्याच्या हातात सुरी आहे, त्यालाच आधी समानता पाळावी लागते. रविवारी सकाळी फळीवर मांडीचं मांस पसरून मी एकेक तुकडा मोजून-मापून कापते, तेव्हा आपण जेवणाच्या तयारीपेक्षा काहीतरी मोठं काम करतो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

रश्श्याचं गणित निराळं. रश्श्याची कोंबडी हाडांसकट तोडलेली असते आणि तिचा एक तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. पातेल्यात पळी फिरते तेव्हा वाढणाऱ्या हाताला सगळं ठाऊक असतं. तंगडी कुणाच्या ताटात जाणार, कलेजी-पेटा कुणाच्या आवडीचा, छातीचे भरदार तुकडे पाहुण्यांसाठी कसे राखून ठेवायचे. घरातले कर्ते पुरुष, जावई, मुलगे, मग मुली, हा क्रम कुणी कुठं लिहून ठेवला नव्हता, तरी तो कुणी चुकवत नसे. शेवटी तळाशी मान, पंख आणि पाठीचा सांगाडा उरे. तो जिच्या हातात पळी असेल तिचा. माझ्या आजीला मान फार आवडते, असं आम्ही भावंडं लहानपणी समजत होतो. तिनंच तसं सांगितलं होतं.

आजीचं घर अलिबागजवळच्या एका गावात होतं. परसात कोंबड्या होत्या, पण कोंबडी कापायची म्हणजे मोठा निर्णय असे. अंडी देणारी कोंबडी कुणी कापत नाही. तिनं अंडी घालायचं थांबवलं की, नाहीतर एखादा कोंबडा फार माजला की, घरात वशाटाचा बेत ठरे. अशी कोंबडी वयानं मोठी, दिवसभर उकिरडे उकरून अंगानं घट्ट झालेली. तिचं मांस विस्तवावर नुसतं भाजलं तर दातांना दाद देणार नाही. तिला मंद आचेवर, भरपूर पाण्यात, तासन्‌तास शिजवावं लागतं. मग तिच्या सांध्यांतले चिवट धागे विरघळतात, हाडांचा अर्क पाण्यात उतरतो, भाजल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण त्या पाण्याला अंग देतं आणि एका कोंबडीत अख्खं घर जेवतं. तुकडा ज्याला मिळेल त्याला मिळेल. रस्सा सगळ्यांना मिळतो. तांदळाच्या भाकरीवर तो ओतून घेतला की पोट भरतं.

हे मी आता समजून घेते. मानेचा वाटा आजीकडे येई, यामागं कुणाचा दुष्टपणा नव्हता. कोंबडी एक आणि तोंडं पंधरा असली की वाटप करावंच लागतं, आणि वाटपाला काहीतरी क्रम लागतो. मात्र तो क्रम ठरवताना जिनं पहाटे चूल पेटवली, कोंबडी साफ केली, पाट्यावर वाटण वाटलं, तिलाच शेवटी का ठेवलं, या प्रश्नाचं उत्तर टंचाईत सापडत नाही. टंचाईनं क्रम मागितला. शेवटचा नंबर कुणाचा, हे माणसांनी ठरवलं.

वर्षातून एक रात्र मात्र हा क्रम मोडायचा. ती पोपटीची. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर मडकं जायचं. मडक्यात तळाला आणि वर भांबुर्ड्याचा पाला, मधे मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि हिरवं वाटण चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. मडकं उपडं ठेवून त्याच्याभोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. हे सगळं पुरुष आणि पोरं करत. आजी त्या रात्री शेतावर येऊन नुसती बसायची. मडकं फोडलं किंवा रितं केलं की वाफेसकट सगळं कागदावर पसरलं जाई आणि जो तो हात घाली. तिथं पंगत नव्हती, ताटं नव्हती, आधी-नंतर नव्हतं. भांबुर्ड्याच्या उग्र वासात, हात भाजत, आजीही आमच्याबरोबर गरम गरम खायची. उघड्यावरच्या विस्तवापाशी घराचे नियम सैल होतात, हे मी तिथं पाहिलं होतं. त्याला शब्द द्यायचं वय नव्हतं.

कबाब हा असाच उघड्यावरचा पदार्थ. त्याचं नाव घेतलं की आपल्याला लखनौ, दिल्ली, हैदराबाद आठवतं आणि ते बरोबरही आहे. इराणी-मध्य आशियाई रीत आणि मोगल-नवाबी मुदपाकखाने यांनी त्याला आजचं रूप दिलं. पण सळईवर मांस भाजणं आपल्याकडे त्याहून जुनं आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताबरोबर शिकारीला आलेला विदूषक रानातल्या हालांची तक्रार करतो, त्यात वेळी-अवेळी खाव्या लागणाऱ्या शूलावरच्या भाजक्या मांसाचाही पाढा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे, आणि मांसाचे तुकडे मसाला लावून, शूलावर खोवून निखाऱ्यांवर भाजण्याची कृतीही आहे. ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून जवळच. रान, लष्कराचा तळ, राजवाडा, आणि पुढं शहरातला रस्ता, असा या पदार्थाचा प्रवास आहे. घरातल्या चुलीवर पातेलं होतं, सळई नव्हती.

माझी आणि कबाबाची ओळखही रस्त्यावरच झाली. नोकरीला लागल्यावर मुंबईत कुलाब्याला ताजच्या मागच्या गल्लीत, जिथं १९४६ पासून बडेमियाँचा ठेला आहे, तिथं मैत्रिणींबरोबर उभ्यानं खाल्लं. पण मनात ठसली ती रमझानातली मोहम्मद अली रोडची रात्र. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत धुराचे लोट, लांबच लांब शेगड्या, निखाऱ्यांना पुठ्ठ्यानं वारा घालणारे हात. भाजणारा माणूस सळईवरून कबाब थेट आमच्या ताटलीत ओढत होता आणि मागून घाई करत होता, आधी खा, मग बोला. त्यानं आमच्यात कोण मोठं, कोण लहान, बाई कोण, पुरुष कोण, काही विचारलं नाही. जो पुढं उभा, त्याच्या ताटलीत कबाब. मधेच स्वतःही एक तुकडा तोंडात टाकून, चावत चावत, मीठ बरोबर आहे का हे पाहून तो पुढची सळई ठेवत होता. मला त्या माणसाकडे बघत राहावंसं वाटलं. जो रांधतो तोच पहिला घास घेतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हे मी स्वयंपाकाच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

हे घरात आणायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

घरात ते येऊ शकलं, याला एक साधं कारण आहे. कबाबाला कोवळी कोंबडी लागते आणि ती भरपूर लागते. आजीच्या काळात दोन्ही शक्य नव्हतं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत ब्रॉयलर कोंबडी गावोगावच्या दुकानात पोचली. पाच-सहा आठवड्यांत वाढणारी ही कोंबडी. रश्श्याला तिची चव गावठीच्या जवळपासही येत नाही, हे मी अलिबागची मुलगी म्हणून ठामपणे सांगते. पण तिचं मांस मऊ असतं, ते काही मिनिटांत भाजून होतं. जी कोंबडी रश्श्यात कमी पडते, तीच निखाऱ्यावर शोभते. आणि आता मध्यमवर्गीय घरात रविवारी किलोभर बोनलेस आणणं ही चैन राहिलेली नाही. टंचाई सरली. तिच्यासाठी ठरवलेला क्रम मात्र पुष्कळ घरांत तसाच चालू राहिला.

दुकानात मी छातीचं मांस मागत नाही, मांडीचं मागते. छातीत चरबी जवळजवळ नसते. आच वाढत जाते तसतसे मांसातले प्रथिनांचे धागे आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात; छातीचं मांस एखादं मिनिट जास्त राहिलं तरी कोरडं पडतं. मांडीत चरबी आहे, सांध्याजवळचे चिवट धागे आहेत. ते वितळतात आणि मांसाला ओलावा देत राहतात. घरी माणसं एकेक करून येणार, कुणी अंघोळीला गेलेलं, कुणी फोनवर; अशा घराला थोडा विलंब सोसणारं मांस हवं.

मग मुरवण. पुष्कळांना वाटतं कबाबाची चव मसाल्याच्या प्रमाणात असते. माझा अनुभव असा की ती क्रमात असते. पहिल्यांदा मीठ, लिंबू, आलं-लसणाचं वाटण आणि काश्मिरी तिखट, एवढंच. किलोभर मांसाला चहाचे दोन चमचे मीठ, एका लिंबाचा रस. हे अर्धा तास. मसाल्याचे मोठे सुगंधी रेणू मांसात फार खोल शिरत नाहीत, ते पृष्ठभागावरच थांबतात. आत जातं ते मीठ. मीठ धाग्यांना सैल करतं आणि आतलं पाणी धरून ठेवायला मदत करतं. म्हणून त्याला आधी वेळ द्यायचा. आंबट मात्र बेतानं. लिंबात मांस रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढरा, भुसभुशीत होतो. कच्ची पपई मटणासाठी ठीक, कोवळ्या कोंबडीला तिची गरज नाही. पपईतला पाचक रस मांसाचे धागे तोडत जातो आणि कोंबडीचा लगदा व्हायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या खेपेला दही. तेही पंचात बांधून पाणी काढलेलं, चक्क्यासारखं. पातळ दह्याचं पाणी तव्यावर सुटलं की मांस भाजायच्या ऐवजी उकडत बसतं. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवायचं, आच बंद करून थोडं निवू द्यायचं, त्यात दोन चमचे बेसन खमंग परतायचं, मग हळद आणि तिखट घालायचं. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. हे बेसन चक्क्यात कालवलं की दही मांसाला धरून राहतं. जिरेपूड, गरम मसाला, तळहातावर चुरलेली कसुरी मेथी. सगळं हातानं कालवायचं, चमच्यानं नाही, कारण प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक बाजूला मसाला लागला का, हे बोटांनाच कळतं. मग झाकून फ्रिजमध्ये चार-पाच तास, किंवा शनिवारी रात्री लावून रविवारपर्यंत.

आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी शेगडी पेटवत नाही. धूर वरच्या मजल्यावर जातो आणि बंद खोलीत कोळसा पेटवणं तर जिवावर बेतू शकतं. थंडीत कधी गच्चीवर शेगडी मांडतो. एरवी बिडाचा तवा. तो आधी चांगला दहा मिनिटं तापवायचा. तुकडा ठेवल्यावर चर्र आवाज आला पाहिजे. मग त्याला हात लावायचा नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडून गेलं की तापमान चढतं, आणि १४० अंशांच्या पुढं मांसातली प्रथिनं आणि साखर यांची ती प्रक्रिया सुरू होते, जिच्यावर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यानं १९१२ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. भाजलेल्या पोळीचा, कॉफीचा, खमंग खोबऱ्याचा आणि कबाबाचा वास त्याच घराण्यातला. तुकडा स्वतःहून तवा सोडतो, तेव्हा उलटायचा. निखाऱ्यांवर असेल तर जाळ पूर्ण बसून कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, तो तव्यावर मिळत नाही. म्हणून तव्यावरचे कबाब पातेल्यात घेऊन, मधे वाटीत एक धगधगता कोळसा ठेवून, त्यावर चमचाभर तूप सोडायचं आणि झाकण लावायचं. तीन-चार मिनिटांचा धुंगार पुरतो. जास्त झाला की कडवटपणा येतो.

आणि मग पहिला तुकडा कापून बघावाच लागतो. आतून गुलाबी नको, पाझरणारा रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. पण मीठ, आंबट, धूर जमला का, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. ते जिभेनंच ठरवायचं असतं, आणि जीभ भाजणाऱ्याची.

इथं आमच्या घरात पहिल्यांदा थोडी चलबिचल झाली. माझ्या सासूबाई कराडकडच्या. मी तव्यापाशी उभी राहून पहिला कबाब फुंकर घालून तोंडात टाकला, तशा त्या म्हणाल्या, "अगं, आधी माणसांचं तरी होऊ दे." त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. स्वयंपाक उष्टा होतो, ही त्यांची शिकवण. त्यांच्या सासरी रस्सा चाखायचा नाही असा दंडक होता. मिठाचा अंदाज वासावरून, रंगावरून, पळीवरून ओघळणाऱ्या थेंबावरून घ्यायचा. फारच शंका आली तर तळहातावर एक थेंब घ्यायचा आणि मागच्या दारी जाऊन चाटायचा, हात धुऊन परत यायचं. मी म्हटलं, "आई, हे न चाखता पुढचा घाणा टाकला आणि मीठ कमी असलं तर सगळ्यांचंच बिघडेल. यात चाखणं हा स्वयंपाकाचाच भाग आहे." त्या गप्प बसल्या.

पुढं एका रविवारी त्यांनी स्वतःच्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा पुढं केला. याचा कबाब करून बघ, म्हणाल्या. पण लगेच सावधही केलं: यात सुकं खोबरं आहे, तीळ आहेत, मोठ्या आचेवर करपणार. आधी नुसतं मीठ, लसूण, दही लावून भाज, आणि उतरवायच्या आधी मिनिटभर तेलात कालवलेला मसाला वरून लाव. हे ज्ञान त्यांच्या हातांत आधीपासून होतं. त्याला कबाब ठाऊक नव्हता, एवढंच. मी त्यांना म्हटलं, मग आज तुम्हीच उभ्या राहा. त्या राहिल्या. चिमट्यानं तुकडे उलटत होत्या, मसाल्याचा हात फिरवत होत्या, आणि पहिला तुकडा झाल्यावर त्यांनी सवयीनं ताटली माझ्या सासऱ्यांच्या दिशेनं पुढं केली. सासरे म्हणाले, "तूच बघ आधी." त्यांनी खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, मीठ बरोबर आहे. आणि थोड्या वेळानं, पुढचा तुकडा उलटता उलटता, त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं मटण-कोंबडी रांधली, पण गरम असताना कधी खाल्ली नाही. सगळ्यांचं आटोपून बसेपर्यंत दुपार टळलेली असायची, मटणाच्या रश्श्यावर चरबीची साय धरलेली असायची. आपल्या हातची चव गार असतानाची तेवढी ठाऊक.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नामांकित सुगरण म्हणून गावात जिचं नाव होतं, तिनं स्वतःचा पदार्थ त्याच्या ऐन भरात कधी चाखला नव्हता. चित्रकारानं रंग लावावेत आणि चित्र पुरं झाल्यावर ते दिवे मालवलेल्या खोलीत बघावं, तसं हे झालं. रांधणाऱ्या बाईला शेवटी बसवण्यात तिचा मान गेला, हे तर आपण बोलतो. पण तिच्या कलेचंही त्यात नुकसान झालं. पदार्थ ज्या क्षणी सर्वांत चांगला असतो, त्या क्षणी तो ओळखायचा हक्क करणाऱ्याला नसेल, तर हात सुधारणार कसा? आपल्या आज्या-सासवांचे हात तरीही इतके पक्के झाले, ते वासाच्या आणि नजरेच्या बळावर. त्यांना जीभही वापरता आली असती, तर त्यांनी आणखी काय काय केलं असतं, असं मनात येतं.

तुकडे सारखे असले म्हणून सगळ्यांचं तोंड एक असतं असं नाही. हे मला घरानं शिकवलं. धाकट्याला तिखट सोसत नाही, त्याच्यासाठी काही तुकडे साय, थोडं किसलेलं चीज, वेलची आणि पांढरी मिरी लावून वेगळे मुरवते. त्यांना मोठी आच लागत नाही, नाहीतर साय जळते. मुलीला कोथिंबीर-पुदिन्याचे हिरवे हवेत. सासऱ्यांचे दात आता साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी खिम्याचे. लखनौच्या गलौटी कबाबाबद्दल आख्यायिका आहे की तो दात नसलेल्या एका म्हाताऱ्या नवाबासाठी घडवला गेला. ती खरी असो-नसो, तिच्यामागची भावना मला फार आवडते: खाणाऱ्याचे दात गेले तर पदार्थानं बदलावं, माणसाला पंगतीतून उठवू नये. खिम्यात कांदा किसून घट्ट पिळून घालायचा, कारण पाणी राहिलं की कबाब सळईवरून गळून पडतो. खिमा थंड हवा आणि मीठ घालून चांगला मळायला हवा. मळता मळता तो चिकट होतो, हाताला ओढ लागते, तेव्हा समजायचं की आता तो कशाचाही आधार न घेता सळई धरून राहील.

म्हणजे माप सगळ्यांना एक आणि चव ज्याची त्याची. कुटुंबात न्याय कसा असावा, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

एक गोष्ट कबूल करायला हवी: रश्श्याची किमया कबाबाला साधत नाही. दाराशी अचानक चार माणसं आली तर रश्श्यात दोन तांबे पाणी आणि मूठभर वाटण घालून सगळ्यांचं भागवता येतं. कबाब मोजका असतो. चार जणांना किलोभर मांस लागतं. म्हणून आमच्या घरी रस्सा बंद झालेला नाही आणि होणारही नाही. आषाढ संपेपर्यंत आमचे रविवार त्या दोघांत वाटलेले असतात, मग श्रावणात सगळंच थांबतं. मात्र कबाबानं लावलेली सवय रश्श्याच्या दिवशीही टिकली. रस्सा उकळला की मुलगी वाटीत थोडा रस्सा आणि एक चांगला तुकडा काढते आणि ज्यानं रांधलं त्याच्या हातात देते. मीठ बघ, म्हणते. मीठ हे निमित्त. आणि रांधणारी दर वेळी मीच असते असंही आता राहिलेलं नाही.

कारण मुलगा सळया भरायला शिकतो आहे. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, म्हणजे त्या जळत नाहीत. तुकडे एकमेकांना टेकतील इतपत जवळ ठेवायचे, दाबून बसवायचे नाहीत, नाहीतर मधल्या भागाला आच पोचत नाही. माझा नवरा तवा सांभाळतो, कांदा पातळ कापून लिंबू-मीठ लावणं मुलीकडे, चटणी सासूबाईंकडे. टेबलावर ताटं मांडून कुणी वाट पाहत बसत नाही. बसलं तर कबाब गार होतो, आणि गार कबाबाला पुन्हा गरम करून त्याचं काही भलं होत नाही. जेवायला येणाऱ्यानंच स्वयंपाकघरात यायचं, ताटली पुढं करायची, दोन शब्द बोलायचे, खाता खाता भाजणाऱ्याला दोन मिनिटं मोकळं करून त्याचा चिमटा आपल्या हातात घ्यायचा. इतकी वर्षं आमच्या घरांतून अन्न माणसांपर्यंत चालत गेलं आणि ते नेणारी पावलं ठरलेली होती. आता माझ्या मुलांनी एवढं शिकावं असं मला वाटतं: जो आचेपाशी उभा आहे, त्याच्यापर्यंत आपण चालत जायचं.